नमुना खरा होता, डबे खोटे

गेल्या दिवाळीत माझे आणि माझ्या शेजाऱ्यांचे मिळून १०,८०० रुपये गेले. चोरीला नाही, टी लाइटमध्ये. म्हणजे त्या बोटभर उंचीच्याही नसलेल्या, ॲल्युमिनियमच्या वाटीतल्या मेणबत्त्यांमध्ये. सांगायला लाज वाटते, पण मुलुंडमधल्या आमच्या अकरा घरांना ही गोष्ट आता तोंडपाठ आहे, मग बाकीच्यांनी तरी का वाचू नये?

सासूबाईंना दमा आहे, सुरुवात तिथून झाली. दरवर्षी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेले साधे पॅराफिनचे टी लाइट आम्ही लावायचो. पन्नासाचं पाकीट दोनशेच्या आत मिळतं. पण ते लावले की आईंना खोकला सुटायचा आणि भिंतीला काळा पट्टा उमटायचा. या वेळी चांगलं काहीतरी घ्यायचं असं ठरवून मी आठवडाभर डोकं घातलं. पॅराफिन हे खनिज तेलातून निघतं. सोया मेण सोयाबीनच्या तेलापासून करतात, ते मऊ असतं आणि जरा सावकाश जळतं, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद गाडीत राहिलं तर लगेच पाघळतं. मधमाशीचं मेण सगळ्यात कडक आणि सगळ्यात महाग. एलईडीवाले लोहार चाळीत ढिगाने मिळतात, पण त्यांच्यात बहुधा सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल असतो. शेजारचं दीड वर्षाचं बाळ आमच्याकडेच वाढतंय. असा सेल पोटात गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तेव्हा एलईडी बाद.

अशा वेळी दादरला एका प्रदर्शनात ती बाई भेटली. गोड मराठी, कपाळाला ठसठशीत कुंकू, टेबलावर मधाच्या बाटल्या आणि पिवळेधमक टी लाइट. “ताई, हे मेण आमच्याकडे मांघरहून येतं.” महाबळेश्वरजवळचं मांघर म्हणजे २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं गाव, हे मी वाचलं होतं. ते नाव कानावर पडताच मी निम्मी विरघळले. त्या गावाचा यात काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगते. कुणाचंही नाव कुणीही घेऊ शकतं.

ती म्हणाली, हे मेण जळताना ऋण आयन सोडतं आणि घरातली हवा शुद्ध होते. इथेच मी उठायला हवं होतं. ज्योत कुठलीही असली तरी थोडीफार काजळी होतेच, हवा धुऊन काढणारी मेणबत्ती मी तरी पाहिलेली नाही. खरं म्हणजे आमच्या घरातल्या काळ्या पट्ट्याचं अर्धं कारण पॅराफिन नव्हतंच, पंखा होता. मुंबईत दिवाळीतही पंखा बंद होत नाही, ज्योत फडफडते आणि फडफडणारी ज्योत काळा धूर सोडते. हे मला नंतर कळलं.

तिने दोन नमुने फुकट दिले. मी मूर्ख नाही, म्हणून त्यातला एक घरी गॅलरीत, वारा नसताना, घड्याळ लावून जाळला. चार तास चाळीस मिनिटं चालला. मंद मधाचा वास, धूर जवळजवळ नाही. आई शेजारी बसून जप करत होत्या, एकदाही खोकल्या नाहीत. मी फोन केला. “डब्यावर तुम्ही आठ तास लिहिलंय, हा तर पावणेपाचच चालला.” “अहो ताई, ते सॅम्पल छोटं असतं, डब्यातलं मोठं.” पटलं. का पटलं ते आजही मला सांगता येणार नाही. नमुना इतका चांगला निघाला होता की पुढचं सगळं पटायला मी तयारच बसले होते.

चोवीस नगांचा डबा ५४० रुपयांना. वीस डबे घेतले तर घरपोच. सोसायटीच्या ग्रुपवर मीच लिहिलं, मीच पैसे गोळा केले, मीच यूपीआयने पाठवले. पैसे दुकानाच्या नावावर नाही, कुणा माणसाच्या नावावर गेले. बिल मागितलं तर “सामानासोबत येईल” म्हणाली. वसुबारसेला एक पोरगा टेम्पोतून डबे टाकून गेला. बिल नव्हतंच.

धनत्रयोदशीला संध्याकाळी साडेसहाला खालच्या रांगोळीभोवती आणि घराघरांत दिवे लागले. पावणेनऊला बहुतेक विझले होते. वास मधाचा होता, पण लाडवात वेलदोड्याऐवजी इसेन्स घातल्यावर येतो तसा. डोक्यात जाणारा. आई आतल्या खोलीत जाऊन पंप घेऊन बसल्या.

याहून वाईट तळमजल्यावर झालं. तिथल्या वहिनींनी पितळी परातीत एकवीस टी लाइट अगदी चिकटवून मांडले होते. चांगल्या टी लाइटमध्ये वातीच्या बुडाशी धातूची एक चकती असते, तिला वर छोटीशी नळी असते. वात त्यात उभी राहते आणि मेण तळाला पोचलं की ज्योत आपोआप गुदमरते. आमच्या डब्यांत कित्येक वातींना ती चकतीच नव्हती. मेण पातळ झालं, वाती आडव्या पडल्या, एका वाटीची आच दुसरीला लागून सगळं मेण उकळल्यासारखं झालं आणि परातीतून वीतभर जाळ उठला. वहिनींचे सासरे तांब्याभर पाणी ओतायला धावले. त्यांच्या नातीने “आजोबा, पाणी नको!” म्हणून हात धरला आणि परातीवर मोठं पातेलं पालथं घातलं. पेटलेल्या मेणावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण चहूकडे उडतं. हे त्या मुलीला शाळेत शिकवलं होतं. आम्हा मोठ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मी स्वयंपाकघरात वजनकाटा काढून बसले. दहा टी लाइट, वाट्यांसकट, ८८ ग्रॅम. वाटी एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, म्हणजे एकात आठच ग्रॅम मेण. टी लाइट तासाला साधारण तीन ते चार ग्रॅम मेण खातो. दोन तासांत विझणार नाही तर काय? मग पट्टी लावली. वाटीचा व्यास पावणेचार सेंटिमीटर, उंची दीड. नमुन्याचीही तेवढीच! “डब्यातलं मोठं” कुठलं, वाटी तीच, फक्त अर्धी भरलेली. आणि ती काठोकाठ भरली तरी पंधरा ग्रॅमच्या आसपासच मेण मावतं. म्हणजे या मापाच्या वाटीत आठ तास बसूच शकत नाहीत, मेण मधमाशीचं असो की आणखी कशाचं. आठ तासांचे टी लाइट मिळतात, पण ते उंचीला जवळजवळ दीडपट असतात. पाचवीतलं गणित आहे हे. पैसे पाठवायच्या आधी मी केलं असतं तर दोन मिनिटं लागली असती.

दुसरा नमुना अजून तसाच होता. मुलीच्या बेकिंगच्या सामानातलं थर्मामीटर घेतलं, पातेल्यात पाणी ५७ अंशांवर ठेवलं आणि नमुना व डब्यातला एक अशा दोन वाट्या त्यावर तरंगत सोडल्या. मधमाशीचं मेण ६२ अंशांच्या खाली वितळत नाही. दहा मिनिटांत डब्यातल्याचं पिवळं पाणी झालं, नमुना ढिम्म. म्हणजे नमुना अस्सल होता. तिने मला खोटं काही दाखवलंच नव्हतं. मी चार तास चाळीस मिनिटं जागून जे तपासलं ते मी विकत घेतलं नव्हतं, आणि जे विकत घेतलं त्याचा एक डबाही फोडून पाहिला नव्हता.

डब्यावर मधमाशीचं चित्र आणि ‘शंभर टक्के नॅचरल’ एवढंच. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नग किंवा वजन, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी फोन, हे सगळं पाकीटबंद मालावर छापणं २०११ च्या वजनमापांच्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. आमच्या डब्यावर यातलं एकही नव्हतं. नळी नसलेल्या वातीसुद्धा वाटी उलटी केली असती तर हाताला लागल्या असत्या.

भाऊबीजेपर्यंत तिचा फोन वाजत होता, नंतर बंद. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी हात झटकले. म्हणे आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पण समोरचा पक्ष कोण, याच्यापाशी गाडी अडली. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी ग्राहक आयोगात फी लागत नाही, तेव्हा दाराशी जायला अडचण नव्हती. पण दावा लावायचा कुणावर? हातात एका माणसाच्या नावाचा यूपीआय आणि मधमाशीचं चित्र. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी दहा दिवस उशिरा फोन केला. पैसे त्याच दिवशी पुढे सरकले असणार. ज्याला अशी शंका येईल त्याने रात्र काढू नये, त्याच तासाला फोन करावा.

शेजाऱ्यांपैकी चौघांनी पैसे परत घ्यायला नकार दिला. बाकीच्यांचे मी दिले. एकीने घेताना “तुझी काय चूक” म्हणत नोटा दोनदा मोजल्या.

यंदा सोसायटीच्या अंगणात धारावीच्या कुंभारवाड्यातल्या पणत्या आणि तेल. घरात पॅराफिनचेच टी लाइट, पण पाकीट काट्यावर ठेवून आणि एक फोडून पाहून घेतलेले. वातीसमोरून पंखा बंद, दोन दिव्यांत वीतभर अंतर, आणि आईंच्या खोलीत एकही नाही.

त्या डब्यांतले सात अजून माळ्यावर आहेत. पावसाळ्यात कपाटाची लाकडी दारं फुगून अडकायला लागली की आई एक टी लाइट मागून घेतात आणि दाराच्या कडेला घासतात. मी जवळून गेले तर मान वर न करता म्हणतात, “साडेबावीस रुपयांचा आहे हो, जपून वापरतेय.”