एन्कोडरवाली गिअर मोटर: कंट्रोल सिस्टिम्स शिकायला मी हीच घ्यायला सांगते

मेकॅट्रॉनिक्सचा विषय लागला की मुलं सगळ्यात आधी ती सदतीस सेन्सरांची पेटी मागवतात. त्यात ज्योत ओळखणारा सेन्सर असतो, टाळीला दाद देणारा असतो, रंगीत एलईडी असतात. थोडे दिवस मजा येते आणि मग पेटी कपाटावर जाते. कारण त्यात मोजायला भरपूर काही असतं, पण मोजून काहीतरी हलवायचं, हललेलं पुन्हा मोजायचं आणि चूक उरली तर पुन्हा हलवायचं, हे त्यात कुठेच येत नाही. नियंत्रणाचा सगळा जीव तर त्या चक्रात आहे. मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या मुलांना हा विषय शिकवते. माझ्या मते या सगळ्या पेट्यांपेक्षा एकच वस्तू जास्त शिकवते: मागे एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा भाग) बसवलेली बारा व्होल्टची डीसी गिअर मोटर. दुकानात ती जेजीए२५-३७० या नावाने मिळते आणि मला ती हजार रुपयांच्या आत मिळाली.

हातात घेतली की वजनदार वाटते. पुढे २५ मिलिमीटर व्यासाची धातूची गिअरपेटी, त्यातून निघणारा एका बाजूने सपाट केलेला शाफ्ट आणि मागच्या टोकाला मोटरच्याच अक्षावर फिरणारी छोटी चुंबकाची चकती. चकतीशेजारी दोन हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारे) असे बसवलेले असतात की एकाचे पल्स दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागे-पुढे येतात. कोण आधी आला यावरून दिशा कळते आणि किती आले यावरून कोन. चकती एका फेरीत प्रत्येक सेन्सरला ११ पल्स देते. दोन्ही सेन्सरांच्या चढत्या-उतरत्या सगळ्या कडा मोजल्या की ४४ काउंट. मी १:३४ गिअरची मोटर वापरते. तिच्या आतल्या ३४ फेऱ्यांना बाहेरचा शाफ्ट एकदा फिरतो, म्हणजे शाफ्टच्या एका फेरीला १४९६ काउंट. एक काउंट साधारण पाव अंशाचा. एवढ्या पैशात इतकं बारीक मोजणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

वायरी सहा असतात: दोन मोटरच्या, चार एन्कोडरच्या. इथे खरोखर सावध राहा. रंगांचा क्रम प्रत्येक विक्रेत्याकडे वेगळा असू शकतो, आणि एन्कोडरचा प्लस-मायनस उलटा लागला की हॉल सेन्सर जळण्याची शक्यता असते. मागच्या हिरव्या बोर्डवर पिनांची नावं छापलेली असतात. ती वाचूनच जोडा, युट्यूबवरच्या व्हिडिओतले रंग बघून नको.

पहिला प्रयोग चक्राशिवायच करायचा. अर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरून ठरावीक पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद करून मोटरची ताकद ठरवणारा सिग्नल, ० ते २५५) द्या, शाफ्टला छोटं चाक लावा आणि फिरत्या चाकावर कापड धरून हलका दाब द्या. वेग पडतो आणि पडलेलाच राहतो, कारण मोटरला कुणी विचारतच नाही की तू किती फिरतेस. आता एन्कोडर जोडून फक्त प्रपोर्शनल गेन लावा, म्हणजे जेवढी चूक तिच्या ठरावीक पटीत आउटपुट, आणि तोच दाब द्या. वेग सावरतो, पण पूर्ण नाही. स्टेडी स्टेट एररचं (स्थिरावल्यावरही उरणाऱ्या चुकीचं) सूत्र मुलं जर्नलमध्ये सुबक अक्षरात उतरवतात, तरी व्हायव्हात अडतात. बोटाखाली तो फरक जाणवला की कारण आपोआप सुचतं: चूक शून्य झाली तर प्रपोर्शनल कंट्रोलरचं आउटपुटही शून्य होईल, मग मोटर फिरवणार कोण? ती फिरती राहायची तर थोडी चूक उरावीच लागते. ती उरलेली चूक साठवत जाणारा इंटिग्रल भाग म्हणून आणायचा.

आणि इंटिग्रलचा दुर्गुणही हीच मोटर दाखवते. चाक काही क्षण घट्ट धरून ठेवा. चूक साठत राहते, आउटपुट २५५ला जाऊन टेकतं, तरी बेरीज थांबत नाही. मग सोडा. चाक ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे धावतं आणि बऱ्याच वेळाने शुद्धीवर येतं. याला विंडअप म्हणतात. आउटपुट मर्यादेला टेकलं की बेरीज थांबवायची, एवढी एक ओळ प्रोग्राममध्ये घातली की वागणं लगेच बदलतं. वर्गात हा प्रयोग झाला की मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे येतात, आणि मला मनापासून आनंद होतो. फक्त फार वेळ धरून ठेवू नका. अडवलेली मोटर भरपूर करंट ओढते आणि तापते.

या मोटरचा मला सगळ्यात भावलेला धडा मात्र हळू वेगाचा आहे. दर १० मिलिसेकंदांनी काउंट वाचून वेग काढला, तर एका काउंटचा फरक म्हणजे मिनिटाला ४ फेऱ्यांचा फरक. मिनिटाला १७० फेऱ्या फिरताना हे लक्षातही येत नाही. पण सेटपॉइंट, म्हणजे हवा असलेला वेग, १० ठेवा, की सीरियल प्लॉटरवर (अर्डुइनो सॉफ्टवेअरमधल्या आलेखावर) वेग ८ आणि १२ यांच्यात उड्या मारताना दिसतो, कारण मधला आकडा त्या मोजणीत अस्तित्वातच नाही. त्यावर डेरिव्हेटिव्ह, म्हणजे चूक किती झपाट्याने बदलतेय ते बघणारा भाग, लावला तर मोटर कर्कश गुणगुणायला लागते. मग मुलं म्हणतात, वाचन दर ५० मिलिसेकंदांनी घेऊ. उड्या ०.८ वर येतात, आलेख देखणा दिसतो, पण आता कंट्रोलरला बातमी उशिरा मिळते आणि त्याच गेनवर वेग झोके घ्यायला लागतो. अचूकता हवी की तत्परता, हा झगडा पुस्तकात सॅम्पलिंगच्या प्रकरणात चार ओळींत आटोपतो. इथे तो डोळ्यांसमोर चालतो आणि त्यातून मधला मार्ग आपणच काढायचा असतो.

प्रोग्रामिंगचे धडेही बाजूने मिळत जातात. ऊनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. म्हणजे शाफ्टच्या २२ फेऱ्यासुद्धा पूर्ण होत नाहीत तोवर मोजणी उलटून ऋण होते. माझ्या एका विद्यार्थ्याने तीस फेऱ्या फिरून थांबायचा प्रोग्राम लिहिला होता, मोटर थांबेचना. त्याने वायरिंग दोनदा उसकलं. शेवटी काउंट छापून बघितला तेव्हा उलगडा झाला. मोजणी ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवायची, आणि तो आकडा वाचताना क्षणभर इंटरप्ट (पल्स आला की चालू काम थांबवून तो मोजायची सोय) बंद करायचे. ८ बिटांचा प्रोसेसर ते चार बाइट एकेक करून उचलतो. मध्येच नवा पल्स आला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो.

आता दोष. मोठा दोष हा की एन्कोडर मोटरच्या बाजूला आहे, शाफ्टच्या नाही. गिअरच्या दातांमध्ये सैलपणा असतो. शाफ्ट बोटाने हलवून बघा, तो थोडा डुलतो आणि काउंट जागचा हलत नाही. कंट्रोलर बिचारा समजतो आपण बरोबर कोनावर आहोत. रोबोटच्या हाताला हे चालणार नाही. शिकण्यासाठी मात्र मी याला गुण मानते, कारण सीएनसी यंत्रावरही (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या) हाच प्रश्न असतो: कोन मोटरवर मोजायचा की टेबलच्या सरकण्याचं अंतर थेट स्केलने मोजायचं. भोसरी-चाकणच्या कारखान्यात नोकरीला लागाल तेव्हा हे आठवेल.

दुसरी अडचण मोटरची नाही, तिच्यासोबत सर्रास विकल्या जाणाऱ्या एल२९८एन ड्रायव्हरची, म्हणजे अर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटची. तो जुन्या धाटणीच्या बायपोलर ट्रान्झिस्टरांचा आहे आणि साधारण दोन व्होल्ट स्वतःच खातो, म्हणून बाराचे दहाच मोटरपर्यंत पोचतात. मॉस्फेट या नव्या धाटणीच्या ट्रान्झिस्टरांचा टीबी६६१२ ड्रायव्हर घ्या. करंटची मर्यादा कमी आहे, पण मोकळ्या फिरणाऱ्या किंवा हलक्या भाराच्या मोटरला पुरतो. मोटर अडवायचे प्रयोग त्यावर अगदी थोडक्यात उरका.

एसजी९० सर्वो (सांगितलेल्या कोनावर स्वतःच जाऊन थांबणारी छोटी मोटर) स्वस्त आहे मग तोच का नको, असं पुष्कळजण विचारतात. त्याच्या पोटात फीडबॅकचं चक्र तयारच असतं, पण बंद डब्यात. गेन बदलता येत नाही, चूक बघता येत नाही. वापरायला उत्तम, शिकायला निरुपयोगी.

ट्यूनिंगसाठी, म्हणजे योग्य गेन ठरवायला, झिग्लर आणि निकोल्स यांची १९४२ची पद्धत या मोटरवर पोझिशन कंट्रोलमध्ये (शाफ्ट ठरलेल्या कोनावर आणताना) करून बघण्यासारखी आहे. फक्त प्रपोर्शनल गेन ठेवून तो वाढवत जा, शाफ्ट एकसारखा झुलायला लागला की तो गेन आणि झोक्याचा काळ टिपा. त्या गेनच्या ०.६ पट प्रपोर्शनल, काळाच्या निम्मा इंटिग्रल टाइम, आठवा हिस्सा डेरिव्हेटिव्ह टाइम. येणारं उत्तर चपळ असतं पण ओव्हरशूट (ठरलेल्या कोनाच्या पुढे निघून जाणं) भरपूर. तिथून गेन उतरवत आणायचा. आधी कागदावर मॉडेल करायचं असेल तर सायलॅब हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे बरेच पाठ मराठीतूनही ऐकता येतात.

घेताना पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. दुकानात घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी एन्कोडरला पाच व्होल्ट देऊन मागची चकती हाताने फिरवा आणि दोन्ही चॅनलचं, म्हणजे दोन्ही हॉल सेन्सरांच्या वायरींचं, व्होल्टेज मल्टिमीटरवर वर-खाली होतंय का बघा. माझ्या एका खरेदीत एक चॅनल मुकाच निघाला होता. गिअर १:२० ते १:५० मधला बघा. त्याहून जास्त घेतलात तर शाफ्ट इतका जड होतो की हाताने भार देऊन काही जाणवत नाही. आणि जमलं तर दोन घ्या. दोघींचे शाफ्ट कपलरने समोरासमोर जोडायचे, एक चालवायची आणि दुसरीच्या दोन टोकांमध्ये रेझिस्टर लावायचा. ती जनित्र होऊन ब्रेकचं काम करते, आणि रेझिस्टर बदलून हवा तेवढा, दरवेळी तेवढाच भार मिळतो.