अंगणवाडी, सरकारी पाळणाघर की शेजारच्या काकू? नागपुरात लेकरू ठेवायचं कुठं

पगार दहा-बारा हजार, घरी सासू नाही, लेकरू दीड वर्षाचं आणि काम तर धरायचंच आहे, पारडी-कळमन्यापासून हिंगण्यापर्यंत कितीतरी आयांचं हेच रडगाणं. बहुतेक जणी पहिले फी विचारतात. माझं म्हणणं, पहिले टाइम विचारा, फी नंतर.

अंगणवाडी फुकट आहे, घराजवळ आहे, सेविका ताई ओळखीच्या असतात, सगळं खरं, पण ती दिवसभर लेकरू सांभाळायची जागा नाहीच बाप्पा. तीन ते सहा वर्षांची पोरं तिथं बसतात, खिचडी-उसळ खातात, गाणी म्हणतात न घरी येतात. तीनच्या खालच्यांना तर फक्त घरी न्यायचा आहार. त्यामुळे सकाळी दोन-तीन घरची धुणीभांडी उरकून मोकळी होणारी बाई असेल आणि पोरगं चार वर्षांचं असेल तर अंगणवाडीच बेस्ट, बाकी कुठं पैसे घालवू नका. फुल टाइम कामवालीचं त्यात भागत नाही.

आता सरकारी अनुदानावरचं पाळणाघर. आधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, 2022 मध्ये ती केंद्र सरकारच्या मिशन शक्ती या बायांसाठीच्या योजनेत 'पाळणा' नावानं आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं धोरण झालं. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची लेकरं घेतात, महिन्याचे 26 दिवस, रोज साडेसात तास, त्यात झोप, खाणं, खेळ, वजन करणं, लसीकडे लक्ष असं सगळं येतं. 2017 च्या नियमात फी होती दारिद्र्यरेषेखालच्यांना महिन्याला 20 रुपये, उत्पन्न महिना 12 हजारांपर्यंत असलं तर 100 आणि त्याच्या वर 200. एवढ्यात चहा-समोसाही होत नाही महिनाभर! आणि 'पाळणा'मध्ये आई नोकरीवरच पाहिजे अशी अट नाही, ही घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायांसाठी मोठी गोष्ट, कारण कामाचा कागद आणणार कुठून?

पण घोडं अडतं ते साडेसात तासांवर. समजा पारडीत राहता न हिंगणा एमआयडीसीत साडेआठ ते साडेपाचची ड्युटी आहे, सकाळी सातला घर सोडलं तर परत यायला संध्याकाळचे सात वाजतात, म्हणजे झाले बारा तास, मग उरलेले साडेचार कोण बघणार? आयांच्या कामाप्रमाणे वेळ मागंपुढं करायला वाव असतो, तेव्हा चार-पाच जणींनी मिळून बोलून बघा, एकटीचं कोणी ऐकत नाही.

कंपनीतलं पाळणाघर मिळालं तर सोनंच. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून 50 किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघर द्यावं लागतं, आणि आईला दिवसातून चारदा लेकराकडे जाता येतं. अंगावर पिणारं बाळ असेल तर याच्यासारखं काही नाही. फक्त ठेकेदाराकडून लागलेल्या बायांना "तुमचं नाव आमच्या रोलवर नाही" असं ऐकवतात, माझ्या ओळखीतल्या एकीला असंच परत पाठवलं होतं, म्हणून जॉइन व्हायच्या आधीच एचआरला तोंडावर विचारा.

शेजारच्या काकू महाग पडतात, पण बस चुकली तर तोंड वाकडं करत नाहीत, लेकराला थोडा ताप असला तरी ठेवून घेतात. उलट काकूंकडे लग्न निघालं की आपली सुट्टी, आणि दिवसभर टीव्ही चालू तो वेगळाच.

मला विचाराल तर तीनच्या खालचं लेकरू आणि दिवसभराचं काम असेल तर सरकारी पाळणाघर धरा, तेही कामाजवळचं नाही, घराजवळचं (भर मे महिन्यात लेकरू घेऊन दोन बसा बदलून बघा, कळेल), आणि सकाळ-संध्याकाळचे उरलेले तास काकूंना द्या, अर्ध्या वेळेचे पैसे ठरवून. सगळा दिवस काकूंकडे ठेवला तर पगारातलं काय उरेल ते आधी वहीवर मांडा.

पाळणाघर कुठं चालू आहे ते अंगणवाडी सेविकेला नाहीतर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या ऑफिसात विचारा. नाव टाकायच्या आधी दुपारी दोनच्या सुमारास न सांगता एक चक्कर मारा. टिनाचं छत आहे का, कूलर चालतो का, त्यात पाणी आहे का, लेकरं कशावर झोपली आहेत, दाराची कडी त्यांच्या हाताला लागते का ते बघा. आणि लेकरू न्यायला कोण कोण येऊ शकतं ते रजिस्टरात लिहून घेतात का विचारा, काकूंचं नाव त्यात पहिल्याच दिवशी टाका.