आईच्या हार्टच्या गोळ्या जिथून घेतो ते मेडिकल
5 पैकी 5 स्टार, आणि का ते सांगते.

आईला 2 वर्षांपासून डिगॉक्सिन चालू आहे, ठोके अनियमित आणि हार्टचं पंपिंगही कमी. 0.25 ची अर्धी गोळी, आठवड्यातून 5 दिवस, शनिवार रविवार सुट्टी. गोळी एवढीशी पण भारी नाजूक प्रकरण आहे, कारण गुण येतो तो डोस आणि विषारी होतो तो डोस यात फारच थोडं अंतर असतं.

गेल्या महिन्यात आईला खोकला झाला म्हणून जवळच्याच एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक लिहून दिली, मी पण डिगॉक्सिनचं सांगायला विसरले. मेडिकलमधे चिठ्ठी दिली तर काका गोळ्या काढता काढता थांबले, म्हणाले, "ताई, आजींना डिगॉक्सिन चालू आहे ना? ह्याने डिगॉक्सिनची रक्तातली लेव्हल वाढते, आधी डॉक्टरांना फोन लावा." तिथूनच फोन लावला, डॉक्टरांनी लगेच औषध बदललं.

मग गर्दी असूनही नीट समजावलं. डिगॉक्सिन किडनीतून बाहेर पडतं, ही अँटिबायोटिक ते अडवते. जेवण जाईनासं झालं, मळमळलं, नजरेला पिवळसर दिसायला लागलं किंवा नाडी फार मंदावली तर घरी वाट बघत बसायचं नाही. लघवीच्या गोळीने पोटॅशियम कमी झालं तरी धोका वाढतो, म्हणून टेस्ट चुकवायची नाही. हे मला आजवर इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं!

हे औषध डिजिटालिस नावाच्या झाडाच्या पानांतून काढतात हेही त्यांनीच सांगितलं. विदरिंग नावाच्या इंग्लिश डॉक्टरने 1785 मधे त्याच्याच जातीतल्या फॉक्सग्लोव्हवर पुस्तक लिहिलं होतं. आणि आपल्या कण्हेरीत नि बिट्टीत पण याच जातीची द्रव्यं असतात म्हणे. लहानपणी आम्ही बिट्ट्यांनी खेळायचो, आमच्या सोसायटीत कंपाउंडला आजही बिट्टी आहे, त्या दिवशी घरी येऊन पहिलं काम म्हणजे भाच्याच्या खिशातल्या बिट्ट्या काढून घेतल्या.

पार्किंग नाही, संध्याकाळी 7 नंतर रांग असते, घरपोच देत नाहीत. डिस्काउंट पण ऑनलाइनपेक्षा कमीच. तरी आईच्या गोळ्या मी इथूनच घेणार, कारण काकांना तिची सगळी औषधं तोंडपाठ आहेत.