डबल-क्लिक आणि १००० ओळी: एक्सेल क्लाउडला जोडल्यानंतरचे काही महिने

एक्सेल क्लाउडवरच्या डेटाला कसं जोडायचं हे उगाळत नाही. सर्व्हरचा पत्ता टाकला, लॉगिन केलं, की पिव्होटची (नोंदींची गटवार बेरीज दाखवणाऱ्या तक्त्याची) फील्ड लिस्ट समोर येते. तेवढं सगळ्यांना येतं. मी लिहायला बसलोय ते एका आकड्यामुळे: १०००.

पिव्होटमधल्या आकड्यावर डबल-क्लिक केलं की त्यामागच्या नोंदी नव्या शीटवर उघडतात. ऑडिटवाल्यांना नेमकं हेच हवं असतं. परताव्याचा एक आकडा त्यांनी असाच उघडला, खालच्या नोंदींची बेरीज मारली आणि विचारलं, उरलेली रक्कम कुठे गेली? कुठेच गेली नव्हती. अशा जोडणीत एक्सेल डबल-क्लिकवर मुळात पहिल्या १००० ओळीच आणतं. शीटच्या माथ्यावर कंसात तशी सूचनाही असते. पण फाइल पुढे सरकताना तीच ओळ आधी उडते, हेडर पहिल्या ओळीत हवं ना! मागे उरतं ते दिसायला नीटनेटकं पण अर्धवट टेबल.

एक्सेल आणि मूळ डेटा यांच्यामधला थर, म्हणजे डेटा लेयर, पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. उत्तर आलं, ड्रायव्हर अपडेट करा. केला. मग कॅशे साफ करा. मग स्क्रीनशॉट पाठवा. मग तोच स्क्रीनशॉट पुन्हा, कारण तिकीट दुसऱ्याकडे गेलं होतं. शेवटी 'हा एक्सेलकडचा विषय आहे' म्हणून तिकीट बंद. असेल, पण उपाय एका वाक्यात मावतो: डेटा टॅबवरून कनेक्शनच्या प्रॉपर्टीज उघडा, यूसेजमध्ये ओलॅप ड्रिल थ्रू (आकड्यामागच्या नोंदी उघडणं, तेच आपलं डबल-क्लिक) याखाली कमाल नोंदींचा रकाना आहे, तिथला १००० खोडून हवा तो आकडा टाका. वर्षाची वर्गणी आगाऊ घेणाऱ्यांना एवढं सांगता येऊ नये?

बरं, हे सेटिंग त्या फाइलपुरतंच. नवी जोडणी केली की पुन्हा १०००. म्हणून कनेक्शन बसवलेली एक कोरी फाइल टेम्प्लेट म्हणून सगळ्यांना वाटून टाकली.

इथपर्यंत माझं मत होतं की ही मर्यादा म्हणजे निव्वळ चिकटपणा. मग टीममधल्या एकाने ती दहा लाखांवर नेली आणि थेट वर्षाच्या एकूण बेरजेवर डबल-क्लिक केलं. शीटमध्ये मावतातच १०,४८,५७६ ओळी. त्याच्या कितीतरी आधी लॅपटॉपने हात टेकले. लगाम हवा, हे तेव्हा पटलं.

पण हा लगाम बिलाला लागतोच असं नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे. आमचा लेयर नोंदी स्वतःकडे ठेवत नाही, प्रत्येक प्रश्न मागच्या वेअरहाउसकडे, म्हणजे क्लाउडमधल्या डेटाच्या कोठाराकडे, धाडतो. तिथे डेटा कॉलमनुसार साठवलेला असतो. पिव्होटला विभाग, महिना, रक्कम एवढेच कॉलम लागतात, ते स्वस्तात उरकतं. डबल-क्लिक मात्र सगळे कॉलम मागतो. बिगक्वेरी या गूगलच्या वेअरहाउसच्या ऑन-डिमांड पद्धतीत पैसे लागतात ते वाचलेल्या बाइट्सवर; क्लस्टर न केलेल्या (ठरावीक कॉलमनुसार लावून न ठेवलेल्या) टेबलवर १००० ओळींचं लिमिट लावलं तरी वाचन कमी होत नाही. माल हजार ओळींचा आणि हमाली अख्ख्या गोदामाची! टेबलचे तारखेनुसार तुकडे (पार्टिशन) केले आणि फिल्टर त्याच तारखेवर असला, तर बचत. स्नोफ्लेक या दुसऱ्या सेवेची तऱ्हा वेगळी, तिथे वेअरहाउस (तिथे हे नाव प्रश्न सोडवणाऱ्या यंत्रणेचं) जागं झालं की किमान ६० सेकंदांचे पैसे लागतात. 'फाइल उघडताना रिफ्रेश' ही खूण मी दिसेल त्या फाइलमधून काढत सुटलोय. कुणीतरी नुसता फॉन्ट बदलायला फाइल उघडणार, त्याचे पैसे आपण का मोजायचे?

आता चांगलं. क्यूबव्हॅल्यू, म्हणजे लेयरमधून एकेक आकडा आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला! पिव्होट निवडून ओलॅप टूल्समधून 'कन्व्हर्ट टू फॉर्म्युलाज' केलं की प्रत्येक आकडा सुटा होतो. मध्ये रिकामी ओळ घाला, साहेबांना हव्या त्या क्रमाने लावा, रिफ्रेशनंतर मांडणी जागची हलत नाही. आकडे येईपर्यंत सेलमध्ये हॅश लावून 'गेटिंग डेटा' दिसतं, तेवढा धीर धरायचा. शिवाय निव्वळ विक्री कशी मोजायची हे लेयरमध्ये एकदाच ठरलंय. चार जणांच्या चार व्हीलुकअप फाइली आणि चार वेगळी उत्तरं हा प्रकार संपला.

एक सांभाळा. लेयरवर ज्याला त्याला आपापल्या विभागाचेच आकडे दिसतात, पण सेव्ह केलेली फाइल मेलवर गेली की पुढच्याला तुम्ही शेवटचे पाहिलेले आकडे दिसतात. हक्क तपासले जातात ते रिफ्रेशच्या वेळी.

डबल-क्लिकला कुठले कॉलम द्यायचे हे आमच्या लेयरमध्ये ठरवून ठेवता येतं. ॲडमिनच्या मागे लागून पत्ते आणि शेऱ्यांचे लांबलचक कॉलम त्यातून काढायला लावले, तेव्हा कुठे बिल उतरलं. त्यामुळे वर्गणी चालू ठेवतोय. सपोर्टचा वरचा प्लॅन मात्र बंद केला. 'ड्रायव्हर अपडेट करा' हे सांगायला खालचाही पुरतो.