दैवी संयमाचे धडे, अधिकारपदावरील माणसांसाठी: एका श्राव्य अभ्यासक्रमाचे परीक्षण

शिक्षक, अधिकारी, पर्यवेक्षक, संस्थाचालक आणि अर्थातच आईवडील, अशा ज्यांच्या शब्दावर दुसऱ्यांचे बरेवाईट अवलंबून असते त्यांच्यासाठी ईश्वराची सहनशीलता आणि दया यांचा आदर्श समोर ठेवून तयार केलेला एक ध्वनिमुद्रित अभ्यासक्रम नुकताच पूर्ण ऐकला. निर्मात्यांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवेविषयी मला प्रामुख्याने लिहायचे आहे, ती या एकाच अभ्यासक्रमापुरती आहे असे मला वाटत नाही.

अभ्यासक्रमाची मूळ भूमिका पक्की आहे. ज्याला शिक्षा करताच येत नाही त्याचे गप्प बसणे आणि ज्याच्या हाती शिक्षेचे पूर्ण सामर्थ्य आहे त्याने हात आवरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अधिकाराची परीक्षा दुसरीत होते, हे पहिल्याच व्याख्यानात स्पष्ट केले आहे. त्यासाठी भागवताच्या दशम स्कंधातील भृगूची कथा घेतली आहे. निजलेल्या विष्णूच्या छातीवर ऋषी लाथ मारतात आणि विष्णू उठून त्यांच्याच पायाला इजा झाली नाही ना, याची चौकशी करतो. अपमान झाल्यावर अधिकाऱ्याच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न स्वतःविषयी असतो की समोरच्याविषयी, याकडे वक्त्यांनी ज्या संथपणे लक्ष वेधले आहे, त्यासाठी हे व्याख्यान जरूर ऐकावे. मात्र वेंकटेशाच्या कथेत याच प्रसंगाला पुढचा भाग आहे. त्या वक्षःस्थळावर जिचा निवास, ती लक्ष्मी या क्षमेने रुष्ट होऊन वैकुंठ सोडून जाते. वक्त्यांनी तिचा उल्लेखही केलेला नाही आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमाची उणीव याच जागी आहे: क्षमा करणारा आणि क्षमा मिळवणारा यांच्यापलीकडे तिसरे कोणीतरी असते, याचे भान त्याला राहिलेले नाही.

शिशुपालावरील व्याख्यान सर्वांत चांगले उतरले आहे आणि हीच उणीव सर्वांत ठळकपणे दिसते तीही तेथेच. कृष्णाने आपल्या आत्याला, म्हणजे शिशुपालाच्या आईला, त्याचे शंभर अपराध पोटात घालण्याचे वचन दिले होते. म्हणजे संयमाला मर्यादा होती, ती आधी ठरलेली होती, आणि राजसूय यज्ञाच्या सभेत चक्र सोडण्यापूर्वी कृष्णाने जमलेल्या राजांना शिशुपालाचे अपराध व ते वचन दोन्ही सांगितले. शिक्षा करणाऱ्याने कारण उघडपणे मांडावे आणि ती रागाच्या झटक्यात दिलेली नसावी, हा येथून काढलेला निष्कर्ष मला पूर्ण पटतो. परंतु कृष्णाने सभेत वाचलेली यादी महाभारतात दिलेली आहे. कृष्ण दूर असताना शिशुपालाने द्वारका जाळली होती, रैवतक पर्वतावर विहार करणाऱ्या भोज कुळातील लोकांना मारले आणि बांधून नेले होते, बभ्रूच्या पत्नीचे अपहरण केले होते. हे अपराध केवळ कृष्णाविरुद्धचे नव्हते. वचन कृष्णाने पाळले आणि त्याची झळ इतरांना बसली. कार्यालयात असो वा शाळेत, वरिष्ठ जेव्हा एखाद्या त्रासदायक माणसाला ‘आणखी एक संधी’ देतात, तेव्हा ती संधी बहुधा त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या खात्यातून जात असते. स्वतःच्या अपमानाबाबत कितीही उदार व्हावे. दुसऱ्याला झालेली इजा आपण परस्पर माफ करावी का, हा प्रश्न अभ्यासक्रमात एकदाही विचारला जात नाही.

याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागले नसते. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद ऐकवते: सदैव उग्रता हिताची नाही, तशी सदैव क्षमाही नाही. नेहमी क्षमा करणाऱ्याला त्याचेच सेवक जुमानत नाहीत, असे प्रल्हाद सांगतो आणि पुढे तपशीलही देतो: पूर्वी उपकार केलेल्याला, अजाणतेपणी चुकलेल्याला आणि कोणाच्याही पहिल्या अपराधाला क्षमा असावी, दुसऱ्या अपराधाला मात्र नाही. सूत्रे कठोर आहेत, पण निर्णय घेणाऱ्याला हातात धरता येतील अशी आहेत, आणि ती अभ्यासक्रमातून गळावीत याचे आश्चर्य वाटते.

इतर परंपरांना दिलेली जागा तोकडी आहे. बायबलमधील योना या संदेष्ट्याची कथा घाईने उरकली आहे. निनवे शहर देवाच्या शिक्षेतून वाचल्याबद्दल संदेष्ट्यालाच राग येतो आणि देव त्याचीही समजूत घालतो, हा भाग हाताखालच्या कडक माणसांना कसे सांभाळावे यासाठी फार उपयोगी पडला असता. कुराणातील तिसऱ्या सूरेतील (अध्यायातील) १५९वी आयत (वचन) मात्र नेमकी निवडली आहे. तू कठोर असतास तर हे लोक तुझ्याभोवतून पांगले असते, त्यांना क्षमा कर आणि कामकाजात त्यांचा सल्ला घे, असा प्रेषिताला उद्देशून तिचा आशय आहे. चुकलेल्यांना केवळ माफ करून बाजूला न बसवता पुन्हा विचारविनिमयात घेणे ही गोष्ट बहुतेक वरिष्ठांना माफीपेक्षाही जड जाते.

समारोपाच्या व्याख्यानाने माझी निराशा केली. श्रोत्याला ‘तुम्ही त्या दयेचे प्रतिनिधी आहात’ असे वारंवार सांगितले जाते आणि अधिकाऱ्याला ते ऐकायला गोड वाटणारच. परंतु ईश्वराला अंतःकरण कळते आणि त्याच्यापाशी काळाची कमतरता नाही, असे मानूनच त्याचा संयम आदर्श ठरतो. माणसाला एकच बाजू ठाऊक असते आणि तक्रारदार दाराशी उभा असतो. अशा स्थितीत निर्णय लांबवणे म्हणजे दया नव्हे, कित्येकदा तो निव्वळ संकोच असतो.

निवेदन स्वच्छ आहे, पार्श्वसंगीत नको तितके आहे, आणि व्याख्यानांची लिखित प्रत मिळत नाही ही खरी गैरसोय आहे. नव्याने अधिकारपदावर आलेल्यांनी भृगू आणि शिशुपाल ही दोन व्याख्याने सभापर्व व वनपर्वातील मूळ प्रसंग शेजारी ठेवून ऐकावीत. समारोपाचे वगळले तरी चालेल.