ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर : इंदूरमध्ये आठ महिने वापरल्यानंतर

हा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड आणि चालू आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, नोव्हेंबरात घेतला, लिहायला जुलै उजाडला. गाडीचं एक दुखणं पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्यासोबत बघितल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. आता एक नाही, दोन दुखणी बघून झाली.

गाडी २०१४ ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, एक लाखाच्या वर चाललेली. राजेंद्रनगरहून पीथमपूरला माझी रोजची ये-जा. दिवाळीनंतर सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की दोन-तीन मिनिटं ती थरथरायला लागली, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगमधून हाताला कळायचं. ॲव्हरेज १६ वरून १३ वर आलं. मग इंजिनाचा पिवळा दिवा लागला. एका वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी मशीन लावलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला, “मैडम, नोझल गए हैं, चारों बदलवा लो।” नोझल म्हणजे इंजेक्टर, प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारून देणारे. खर्च १४ हजार. चारही कशावरून, असं विचारलं तर मशीनच्या पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर एवढंच होतं : पी ०३०२.

मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. आमच्याकडे एक पार्ट नापास झाला म्हणून सगळा लॉट बाजूला काढायचा असेल तर कारण लिहून सही करावी लागते. पी ०३०२ चा अर्थ दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाही, इतकाच. का, ते त्यात नाही. प्लग असेल, त्याला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) असेल. हे घरी येऊन वाचलं आणि मग स्कॅनर मागवला.

खरं तर दोन मागवले. पहिला ३५० रुपयांचा, निळा पारदर्शक. तो फोनशी जोडला जायचा, कोडही दाखवायचा, पण चालू आकडे सेकंदाला एकदा, तेही मध्येच थबकायचे. इंजिन झटका देऊन मोकळं व्हायचं आणि पडद्यावर काहीच हललेलं नसायचं. स्वस्तातले बहुतेक स्कॅनर ईएलएम ३२७ या चिपच्या नकला असतात. बऱ्याच जणांवर ‘व्हर्जन १.५’ छापलेलं असतं, मूळ कॅनडाच्या कंपनीने त्या क्रमांकाची चिप कधी काढलीच नव्हती. दुसरा १६०० रुपयांचा घेतला, तो आजतागायत चालू आहे. आकडे पुष्कळ वेगाने येतात, पण एका वेळी तीनच निवडायचे. आठ-दहा निवडले की सगळेच मंदावतात. आणि आयफोन असेल तर घेण्याआधी नीट बघा, साधा ब्लूटूथवाला त्याच्याशी जुळत नाही. माझा अँड्रॉइड आहे.

लावायची जागा स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ. सोळा पिनांचं सॉकेट असतं. एप्रिल २०१३ नंतर आपल्याकडच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष कोडने सांगण्याची पद्धत, सक्तीचं झालं, त्यामुळे त्यापुढच्या बहुतेक गाड्यांत ते सापडेल.

पहिली चूक मी लगेचच केली. जोडल्यावर कोड दिसला, खाली ‘पुसा’ असं बटण होतं, ते दाबलं. दिवा विझला, मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी सगळ्यात कामाची माहिती गेली. कोड पडतो त्या क्षणाचे आकडे गाडीचा संगणक जपून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. शिवाय इंजिनाने शिकून ठेवलेलं पेट्रोलचं गणितही शून्यावर जातं, ते परत बसायला बरंच अंतर चालावं लागतं. तीन दिवसांनी कोड पुन्हा आला तेव्हा आधी फोटो काढला : ७६० आरपीएम, कूलंट १७ अंश, लोड अगदी कमी. म्हणजे थंड इंजिन, जागेवर उभी गाडी.

आता ज्यासाठी हा स्कॅनर घ्यावा, ते. फ्युएल ट्रिम. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे सेन्सर सांगतो आणि त्यावरून संगणक ठरवतो की पेट्रोल जरा वाढवायचं की कमी करायचं. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे या क्षणीची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. निरोगी गाडीत लाँग टर्म शून्याच्या आसपास, साधारण दहा टक्क्यांच्या आत असतं. माझ्या गाडीत ते अधिक १४ होतं. इंजिन गरम झाल्यावरही अधिक १४.

हवा कुठून तरी चोरून आत येत असेल, म्हणजे मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) गळती असेल, तर जागेवर ट्रिम जास्त असतं आणि २५०० आरपीएमला खाली येतं, कारण तेव्हा एकूण हवेच्या मानाने ती चोरटी हवा थोडी उरते. माझं तिथेही १४. पेट्रोल पंपाचं प्रेशर कमी पडत असेल तर चढावर, लोडवर, ट्रिम आणखी वाढतं. हे तपासायला एका रविवारी ओंकारेश्वरला गेलो आणि परतताना सिमरोलच्या अलीकडे भेरूघाटाच्या चढावर फोन आमच्या बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हातात दिला. तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर ते मोठ्याने आकडे वाचत होते : तेरा, चौदा, पंधरा, चौदा. घाट संपला तरी चौदाच. म्हणजे पंप निर्दोष सुटला.

त्या रात्री वहीत एक साधं गणित मांडलं. चारांपैकी एक इंजेक्टर निम्मंच पेट्रोल देत असेल तर एकूण पुरवठा ८७.५ टक्के. तो शंभरावर आणायला सगळ्यांनाच सुमारे १४ टक्के वाढवावं लागेल, कारण सेन्सर एकच आहे आणि त्याला कोण कमी देतोय ते कळत नाही. म्हणजे आजारी सिलिंडरला ५७ टक्के, अजूनही उपाशी, आणि उरलेल्या तिघांना गरजेपेक्षा १४ टक्के जास्त. गाडी एकाच वेळी उपाशीही आणि पेट्रोल पिणारीही का, याचं उत्तर समोर होतं. अंदाजच होता अजून, पण दुसऱ्या दिवशी प्लग काढले तर एक, तीन आणि चार काजळलेले, दोन नंबरचा पांढुरका. मी तो प्लग बराच वेळ हातात धरून उभी होते.

तरीही लगेच इंजेक्टरला हात लावला नाही. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दोन दिवस गाडी चालवायची. आधी दोन आणि तीनची कॉइल अदलाबदल, कोड पुसला, पी ०३०२ परत. मग प्लग अदलाबदल, परत पी ०३०२. आमच्या भागातल्या एका जुन्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन बघून घेतलं, चारही जवळपास सारखं. या माणसाला मी उस्ताद म्हणते. त्यांनी एकदाही घाई केली नाही, आणि माझी वही बघून म्हणाले, “ठीक जा रहे हो।”

बाबांची पद्धत वेगळी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर, मूठ कानाला, इंजिन चालू. चारही टिकटिक करत होते. मल्टिमीटरने मोजलं तर चौघांचा रेझिस्टन्स १२ ओहमच्या थोडा वर, सारखाच. इथे बरेच जण फसतात. टिकटिक येते आणि रेझिस्टन्स बरोबर आहे, याचा अर्थ इंजेक्टरच्या आतली कॉइल (ठिणगीची नव्हे) शाबूत आहे आणि सुई उचलली जाते, एवढाच. तोंड चोंदलंय का, फवारा पडतो की धार, हे त्यातून कळत नाही. इंजेक्टरचं वायरिंग किंवा ही आतली कॉइल गेली असती तर पी ०२०२ पडला असता. तो कधीच पडला नाही.

शेवटी उस्तादांसमोर इंजेक्टर दोन आणि तीन अदलाबदल केले. हे काम घरी करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे : रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशरने पेट्रोल भरलेलं असतं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची, इंजिन गार होऊ द्यायचं, आसपास विडी-सिगारेट कुणाचीही नको. ओ-रिंग (इंजेक्टरच्या रबरी चकत्या) नवीन टाकायच्या, बसवताना चांगल्या इंजिन ऑइलचा थेंब लावायचा, कोरड्या ढकलल्या तर फाटतात.

दुसऱ्या संध्याकाळी कारखान्यातून परतताना राऊच्या अलीकडे दिवा लागला. गाडी कडेला घेतली, ॲप उघडलं. पी ०३०३. इंजेक्टर जिथे गेला तिथे दुखणं गेलं. यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माझ्या नोकरीतही क्वचितच मिळतो.

चौघांना टेस्ट बेंचवर दिलं. काचेच्या चार नळ्यांत, सारख्या वेळात, पेट्रोल असं जमलं : ४०, २१, ३९, ४०. दोन नंबरच्यातून फवारा नव्हता, एक वाकडी धार होती. अल्ट्रासॉनिक सफाई आणि आतल्या बारीक जाळ्या बदलल्यावर ४०, ३९, ४०, ४०. जुन्या जाळीत तांबूस गाळ होता. सगळं मिळून १४०० रुपये, ओ-रिंगसकट. १४ हजारांच्या जागी. त्या वर्कशॉपवर माझा राग पैशांसाठी नाही. तीन चांगले इंजेक्टर त्यांनी भंगारात टाकले असते आणि मला कधीच कळलं नसतं की ते चांगले होते.

सफाईनंतर आठवड्याभरात लाँग टर्म ट्रिम अधिक ४ वर आलं आणि तिथेच आहे. शून्य का नाही, याचा थोडा ध्यास घेतला होता. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं, आणि जुन्या मापावर बसवलेल्या गाडीत तीन-चार टक्के तिथेच जातात. म्हणून आपल्या गाडीचा निरोगी आकडा ती निरोगी असतानाच लिहून ठेवा. ॲव्हरेज १५.५ च्या पुढे आलं आहे.

तक्रारीही आहेत. सॉकेटची सोळावी पिन थेट बॅटरीला जोडलेली असते, किल्ली काढली तरी चालू. फेब्रुवारीत लग्नासाठी बारा दिवस पुण्याला गेलो आणि स्कॅनर गाडीतच राहिला. परत आलो तर बॅटरी ठार. नंतर मोजलं, स्कॅनर एकटा ४५ मिलिअँपिअर ओढतो. बारा दिवसांत १३ अँपिअर-अवर झाले, बॅटरी ३५ ची, तीही चार वर्षांची. तेव्हापासून तो काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवते. ॲपमधल्या भाषांतराची तऱ्हा विचारू नका, इंग्रजीतच ठेवा. आणि हा स्कॅनर एकेक इंजेक्टर बंद करून बघण्याची चाचणी करू शकत नाही, त्याला कंपनीच्या दर्जाचं मशीनच लागतं.

डिझेलवाल्यांनी फार आशा धरू नये. शेजारच्या काकांच्या डिझेल गाडीला मे महिन्यात लावून बघितला, रेल प्रेशर दिसलं, त्यापुढे काही नाही. त्यांचा दोष उस्तादांनी वेगळ्या रीतीने काढला. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (जिथून जास्तीचं डिझेल परत जातं) नळ्या लावून चार बाटल्या टांगल्या, इंजिन चालवलं, एक बाटली बाकीच्यांच्या दुपटीने भरली. तोच झिजलेला. नवीन इंजेक्टरचा कोड गाडीच्या संगणकात भरावा लागला, तेही माझ्या स्कॅनरच्या आवाक्याबाहेरचं. आणि डिझेलच्या हाय प्रेशर पाइपचा नट चालू इंजिनवर कुणीही, अगदी कुणीही सैल करू नये. आत हजार बारच्या वरचं प्रेशर असू शकतं, ती धार कातडी भेदून आत जाते.

मागच्या महिन्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा दिवा लागला. पी ०३०४. घरात सगळ्यांना वाटलं, आता चौथा इंजेक्टर. मी आधी फोटो काढला. फ्रीझ फ्रेममध्ये २४०० आरपीएम, कूलंट ९१, लोड भरपूर. ट्रिम अधिक ४, जागचं हललं नव्हतं. पेट्रोल बरोबर पोचत होतं, लोड आला की ठिणगी मरत होती. चार आणि एकची कॉइल अदलाबदल केली, परतीच्या वाटेवर पी ०३०१ पडला. जुनी कॉइल काढून उजेडात धरली तर खालच्या रबरी बुटाला केसासारखी बारीक चीर होती, आणि तिच्या कडेने पांढरट रेघ.