दहाचाकी आणि पिकअपला डॅशकॅम: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, भरून पुण्याकडे जाणारी एक दहाचाकी आणि चोर्ला घाटातून गोव्याला भाजी पोचवणारी एक पिकअप, एवढा आमचा धंदा. गेल्या मे महिन्यात दोन्ही गाड्यांना डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता सतत टिपणारे छोटे कॅमेरे, बसवले. घेताना मी पंधरा दिवस कंपन्यांचीच तुलना करत बसलो होतो. त्यातले चार दिवस जरी कॅमेरा काचेवर कुठे बसवायचा आणि त्याला करंट कुठून द्यायचा याचा विचार करण्यात घालवले असते, तर बराच मनस्ताप आणि दोन बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते.

आधी नियमाचं बोलतो, कारण धाब्यावर दर दुसरा माणूस तेच विचारतो. मालवाहू गाडीला डॅशकॅम लावलाच पाहिजे असा केंद्राचा नियम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १६७-अ मध्ये डॅशबोर्ड कॅमेऱ्याचा उल्लेख २०२१ मध्ये आला, पण तो वेग आणि सिग्नल मोडणाऱ्यांना पकडायच्या सरकारी उपकरणांत. प्रवासी गाड्यांना लागणारं ट्रॅकिंगचं यंत्र आणि पॅनिक बटण ही वेगळी गोष्ट, त्याचा कॅमेऱ्याशी संबंध नाही. काचेपुरतं बोलायचं तर समोरच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, हे नियम १०० सांगतो. पण कॅमेरा काचेवर किती इंच वर, किती इंच बाजूला, हे त्यात नाही.

इंचात मोजून सांगणारा नियम मला अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचा सापडला. वायपर जेवढी काच पुसतो, त्या भागाच्या वरच्या कडेपासून साडेआठ इंचांहून खाली कॅमेरा येता कामा नये. खाली बसवायचा तर पुसल्या जाणाऱ्या भागाच्या खालच्या कडेपासून सात इंचांहून वर जाता कामा नये. आणि दोन्ही प्रकारांत रस्ता, पाट्या, सिग्नल बघायच्या ड्रायव्हरच्या नजरेआड तो येऊ नये. २०२२ पर्यंत वरची मर्यादा फक्त चार इंच होती, ती वाढवली. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण मोजायची ती रीत मला फार पटली. गाडीची उंची, काचेचा आकार काहीही असो, मोजमाप वायपरपासून सुरू होतं.

आम्ही सुरुवातीला नेमकी तिथेच चूक केली. दहाचाकीत कॅमेरा आधी डॅशबोर्डवर चिकटवला. तिथे रेणुकादेवीचा फोटो आणि हार आहे. दिवसाच्या व्हिडिओत रस्त्यावर सगळीकडे हाराचं प्रतिबिंब, समोरच्या गाडीचा नंबर वाचायचा कसा? शिवाय मेच्या उन्हात डॅशबोर्ड इतका तापला की टेपच सुटली आणि हत्तरगी टोलच्या आधी कॅमेरा क्लीनरच्या पायात पडला. मग काचेच्या अगदी वर, छज्ज्याखाली लावला. जून उजाडला आणि खरी अडचण कळली. ट्रकची काच उभी आणि उंच असते, वायपर खालून फिरतो, वरचा वीतभर पट्टा कधी पुसलाच जात नाही. तवंदी घाटात पाऊस सुरू झाला की ड्रायव्हरला रस्ता स्वच्छ दिसायचा आणि कॅमेऱ्यात नुसते ओघळ.

शेवटी एका रविवारी गाडी धुवायच्या आधी काच तशीच धुळीची ठेवली, बादलीभर पाणी मारलं आणि वायपर दोन वेळा फिरवला. धुळीत दोन स्वच्छ चंद्रकोरी उमटल्या. त्यांच्या वरच्या कडेवर आतून खडूनं रेघ मारली आणि टेपनं खाली पाच इंच मोजले. दोन्ही चंद्रकोरी मधोमध जिथे एकमेकींवर चढतात, त्याच्या किंचित डावीकडे, म्हणजे क्लीनरच्या बाजूला, जागा ठरवली. मग ड्रायव्हरला सीटवर बसवून मी स्वतः गाडीसमोरून डावीकडून उजवीकडे चालत गेलो. डावा आरसा पूर्ण दिसतो का, चालणारा माणूस कॅमेऱ्याआड क्षणभर तरी लपतो का, हे त्यानं सांगायचं. तो म्हणाला, "अजून दोन बोटं वर घ्या की मालक, बुटका माणूस झाकायलाय." घेतला. फास्टॅगपासूनही वीतभर अंतर ठेवलं. तेव्हापासून जागा बदललेली नाही. पासिंगच्या वेळी इन्स्पेक्टरनी सीटवर बसून बघितलं आणि कॅमेऱ्याबद्दल काही हरकत घेतली नाही. वरच्या नावाच्या स्टिकरची पट्टी मात्र काढायला लावली.

आता करंटचं. पिकअप १२ व्होल्टची, तिला काही त्रास झाला नाही. दहाचाकीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ होतात. आमच्या इलेक्ट्रिशियननं दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतली, कॅमेऱ्याला १२ मिळाले, काम चाललं. पण मग एकच बॅटरी रोज जास्त उतरते, चार्जिंग मात्र दोघींना मिळून होतं, आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाते. ऑगस्टमध्ये पहाटे सेल्फ लागेना. दोन्ही बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. कृपा करून हे कुणालाही करू देऊ नका. २४ व्होल्ट उतरवून कॅमेऱ्याला लागतील तेवढेच देणारा कन्व्हर्टर मिळतो, तोच घ्या, त्याची वायर इग्निशनच्या, म्हणजे चावी फिरवल्यावरच करंट देणाऱ्या, फ्यूजवरून घ्या, आणि गाडी उभी असताना रेकॉर्डिंग हवंच असेल तर व्होल्टेज उतरल्यावर आपोआप बंद होणारा घ्या. कॅमेरा घेताना आत लिथियम बॅटरीऐवजी कपॅसिटर (थोडा करंट साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) असलेला बघा. दिवसभर उन्हात काचेला चिकटून राहायचंय त्याला.

पिकअपचा धडा वेगळा होता. जुलैत गोव्याच्या मार्केटमध्ये एका कारनं मागे घेताना आमचा दरवाजा चेपला. ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी सांगायला आला. ६४ जीबीच्या कार्डात आमच्या सेटिंगला साधारण नऊ तास मावतात, मग जुनं पुसून त्यावर नवं चढतं, म्हणजे दुसऱ्या रात्रीच्या फेरीतच ते पुसलं गेलं होतं. आता दोन्ही गाड्यांत १२८ जीबीची, सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेली कार्डं आहेत, आणि काही झालं की ती क्लिप पुसली जाऊ नये म्हणून लगेच लॉकचं बटण दाबायचं हे दोन्ही ड्रायव्हरना पाठ करून घेतलंय. चोर्ला रस्त्यावरच्या कणकुंबीच्या पावसात आणि धुक्यात रात्रीचं चित्र मात्र कसंही बसवा, फारसं उपयोगी नसतं. नंबर प्लेट सोडाच, पुढची गाडी कुठली तेही कळत नाही.

डिसेंबरात, उसाच्या हंगामात, यमकनमर्डीच्या अलीकडे संध्याकाळी एक मोटरसायकल उलट बाजूनं आली आणि दहाचाकीच्या डाव्या कोपऱ्याला घासली. पोराच्या पायाला लागलं, सुदैवानं हाड शाबूत होतं. पाच मिनिटांत पन्नास माणसं. ड्रायव्हरनं आधी पोराला रिक्षात घातलं, मग कॅमेऱ्याच्या त्या दोन इंची पडद्यावर क्लिप दाखवली. त्याच जमावातला एक वयस्कर माणूस म्हणाला, "पोरगं चुकीच्या बाजूनं आलंय, ह्याला सोडा." त्या एका वाक्यासाठी मी नऊ महिन्यांचा सगळा खर्च विसरायला तयार आहे.

पण क्लिपवर तारीख २०२० सालातली होती. बॅटऱ्या बदलल्यावर घड्याळ मूळ पदावर गेलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वकिलांनी सांगितलं, कार्ड काढून पाकिटात ठेवा, दुसरं घाला. पेन ड्राइव्हवरची कॉपी कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये जरा जरी फेरफार झाला तरी बदलणारा सांकेतिक आकडा) नोंदवतात. १ जुलै २०२४ पासून हे कलम जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या जागी आलं. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली क्लिप दाखवून भागत नाही. प्रकरण आपसात मिटलं, पण तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला घड्याळ तपासतो आणि कार्ड फॉरमॅट करतो.

आतल्या कॅमेऱ्याबद्दल. आमचा कॅमेरा दोन्ही बाजूंनी बघणारा होता. अकरा वर्षं आमच्याकडे असलेल्या ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी विचारलं, "हे रस्ता बघायलंय की मला बघायलंय?" मी उत्तर दिलं नाही, त्याच संध्याकाळी आतली लेन्स आणि आवाजाचं रेकॉर्डिंग दोन्ही बंद केलं. तो माणूस त्या केबिनमध्ये झोपतो, जेवतो, बायकोशी फोनवर बोलतो. २०२४ च्या जानेवारीत हिट अँड रनच्या नव्या कायद्यावरून ड्रायव्हर लोक संपावर गेले तेव्हा त्यांच्या मनातली भीती मी जवळून बघितलीय: अपघात झाला की सगळं त्यांच्याच अंगावर येणार. कॅमेरा त्यांच्या बाजूनं उभा राहणारा असला पाहिजे, त्यांच्यावर पाळत ठेवणारा नको. मोठ्या कंपन्या वेगळा विचार करत असतील, आमच्या दोन गाड्यांत मी तो मान्य करणार नाही.

पिकअपची टेप आता कडेनं सुटायला लागलीय, पावसाआधी बदलायची आहे. जुनी काढताना स्क्रूड्रायव्हर घालू नका, आमच्या दहाचाकीच्या काचेवर त्यानं एक चरा पडलाय. दुपारी काच तापलेली असताना नायलॉनचा बारीक दोरा टेपमागून करवतीसारखा ओढायचा. सावकाश निघते, पण स्वच्छ निघते.